दारू सुटली होती, पुन्हा प्यालो: पाय घसरल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचं

मी सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. दारू सोडून अकरा महिने झाले होते, आणि आखाडातल्या एका दुपारी मी पुन्हा प्यालो. एक क्वार्टर. त्या संध्याकाळी कुणाला तरी सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच थांबली असती. मी सांगितलं नाही. ते लपवता लपवता पुढचे नऊ दिवस पीत राहिलो. तेव्हा काय करायचं हे कुणी लिहून हातात दिलं असतं तर ते नऊ दिवस वाचले असते. म्हणून हे लिहितोय.

आमच्या सभांमध्ये, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांमध्ये, याला ‘स्लिप’ म्हणतात. मी घसरण म्हणतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला कुणीतरी आधीच सांगायला हवं की ही घसरण बऱ्याच जणांची होते. अमेरिकेतली व्यसनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था हे प्रमाण 40 ते 60 टक्के सांगते, आणि बीपी किंवा दम्याचा त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं. बीपी वाढलं की आपण गोळी बदलून घ्यायला जातो, तोंड लपवून बसत नाही. इथंही तसंच जायचं असतं.

१. किती दिवस प्यालात ते खरं मोजा

सगळ्यात आधी हेच, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

एकच दिवस, एखाद-दोन पेग झाले असतील तर आत्ता थांबा. पाणी प्या, जेवा, झोपा, आणि खालच्या पायरी २ वर जा. सोडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुन्या मापानं प्यालात तर ती जास्त चढते आणि जास्त घातक ठरते. पूर्वी खंबा पचायचा म्हणून आताही पचेल असं समजू नका.

चार-पाच दिवस किंवा जास्त, रोज पीत असाल तर घरात कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो आणि त्यात माणूस जातोही. शिवाय हा त्रास दर वेळी वाढत जातो. मागच्या वेळी घरीच सुटली होती, आताही सुटेल, हा माझा हिशोब इथंच चुकला.

माझ्या बाबतीत दारू बंद केल्यावर तिसऱ्या रात्री ओव्हरलॉक मशीन चालल्याचा आवाज यायला लागला. टाका घालताना जसा एकसारखा येतो, तसाच. मी बायकोला म्हणालो, मशीन बंद कर, पोरं झोपलीत. ती म्हणाली, “अहो, कुठली मशीन? आपल्या घरात मशीन कुठं आहे?” तिनं पहाटेची वाट बघितली नाही. शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं आणि मला थेट सिव्हिलला आणलं.

फिट, असंबद्ध बोलणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, रक्ताची उलटी, काळी शी: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं मोठ्या दवाखान्यात जा. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. दारूचा त्रास तिथं बघतात.

एक गोष्ट घरच्यांनी नीट वाचावी. लाजेपोटी बरेच जण गल्लीतल्या दवाखान्यात ‘ॲसिडिटी झालीय, अशक्तपणा आलाय’ सांगून ग्लुकोजची बाटली लावून घेतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा: हे दारू पितात, इतके दिवस प्यालेत, शेवटची इतक्या वाजता घेतली.

२. चोवीस तासांच्या आत एका माणसाला सांगा

सगळ्या जगाला नको. एकाला. भाऊ, मित्र, डॉक्टर, सभेतला जुना सदस्य, कुणीही चालेल, फक्त तो स्वतः पिणारा नको.

मी दहाव्या दिवशी सांगितलं. आमच्या सभेत एक जुने गिरणी कामगार आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. फोन लावला, दोनदा कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

“अण्णा, मी प्यालो.”

“कुठं आहेस?”

“घरी.”

“खिशात अजून आहे का?”

“आहे.”

“येतो. जेवलास का?”

बस एवढंच. का प्यालास, कधी प्यालास, कुणासोबत प्यालास, काही नाही. अर्ध्या तासात स्कूटीवरून आले. बाटली त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाले, “तुझी तू ओत.” मोरीत ओतताना माझा हात इतका हलत होता की निम्मी फरशीवर सांडली. मग त्यांनी फडकं आणून पुसलं. ते गेल्यावर तीन रात्री कशा गेल्या ते वर लिहिलंय. आज अण्णा स्वतःच म्हणतात की त्याच दिवशी तुला दवाखान्यात न्यायला हवं होतं.

फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर तीनच शब्द बोला: ‘मी पुन्हा प्यालो.’ कारण सांगत बसू नका. कारणं सांगायला लागलो की आपण आपलीच वकिली करतो आणि फोन ठेवेपर्यंत पुढच्या पेगची परवानगी स्वतःला देऊन मोकळे होतो.

असा कुणीच नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस 14416, दोन्ही फुकट आहेत. टेलि-मानस चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या सभांना फी नसते, नाव-पत्ता लिहून घेत नाहीत. स्लिप झालेल्याला तिथं कुणी हाकलत नाही. खुर्चीवर बसलेल्या निम्म्या लोकांनी ते भोगलेलं असतं.

३. घरी सांगताना

माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती. आपल्याकडे दारू सोडायची तर माळ घालतात, पंढरपूर जवळ, घरात वारी, त्यामुळे ते मनापासून होतं. त्या दुपारी मी माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मग ग्लास उचलला. नंतर घालायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी धुण्यात बायकोला ती खिशात सापडली. ती काही बोलली नाही. देवळीत नेऊन ठेवली. तिला कळलंय हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही. तरी पुढचे सहा दिवस आम्ही दोघं भाजी-भाकरीचं बोलत राहिलो. दारूनं घर मोडतं ते मला माहीत होतं. या गप्प राहण्यानं जे होतं ते मी त्या सहा दिवसांत बघितलं.

म्हणून सांगतो, तिला सापडायच्या आधी तुम्ही सांगा. शुद्धीत असताना, पोरं समोर नसताना, बसून. किती दिवस, किती पैसे गेले, कुणाची उसनवारी झाली, सगळं एकदम. हप्त्याहप्त्यानं सांगितलं तर प्रत्येक हप्त्याला ती नव्यानं मोडते. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका. ती मोडली की पोरगं स्वतःलाच दोष देतं, हे मी माझ्या थोरल्यात पाहिलंय. ‘परत कधीच पिणार नाही’ म्हणू नका. ‘उद्या दहा वाजता सिव्हिलला जाणार आहे, तू येतेस का?’ असं म्हणा. आणि जा.

माळ असेल तर ज्यांच्याकडून घेतली त्या महाराजांना जाऊन खरं सांगा. मी गेलो होतो. त्यांनी ओरडायला तोंडसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, आधी औषध पूर्ण कर, मग ये.

घरच्यांसाठी दोन शब्द. दारात आल्याआल्या तोंडाचा वास घेऊ नका, मित्रांना फोन करून चौकशी करू नका. तुमचा रोष बरोबर आहे, पण पहारा ठेवून कुणाची दारू सुटत नाही, फक्त लपवायची कला वाढते. घरच्यांच्या वेगळ्या सभा असतात, अल-अनॉन म्हणतात त्यांना. माझी बायको आता दुसऱ्या एका बाईला सोबत घेऊन जाते.

४. दवाखान्यात जाताना पिशवीत काय हवं

- आधार कार्ड, रेशन कार्ड, कारखान्यातून ईएसआय असेल तर ते कार्ड
- आधीच्या उपचाराचे केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बीपी-शुगरचीसुद्धा
- एका कागदावर: कधीपासून प्यालो, रोज किती, कुठली (देशी, इंग्लिश, हातभट्टी, शिंदी), शेवटची कधी
- पूर्वी कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का
- दोन जोड कपडे, चादर, सुटे पैसे
- सोबत एक माणूस, जो प्यालेला नाही

यादीतला चौथा मुद्दा, तो कागद, घरूनच लिहून न्या. रांगेत उभं राहून आठवत नाही, आणि आठवलं तरी लाजेनं निम्मं सांगतो.

५. बाटलीच्या मागं मागं जाऊन बघा

हे काम दारू अंगातून पूर्ण उतरल्यावर, साधारण दहा-पंधरा दिवसांनी करा. वही घ्या. प्यालात तो दिवस शेवटच्या ओळीत लिहा आणि तिथून उलटं मागं जा.

माझी वही अशी निघाली. आमचा सीझन मार्चपासून शाळा उघडेपर्यंत. चौदा-चौदा तास उभं राहून कटिंग. एप्रिलमध्ये मी पहिली सभा चुकवली, ‘सीझन संपू दे मग जातो.’ मे महिन्यात अण्णांचे फोन उचलणं बंद. सोलापूरचा मे, पारा 43 च्या वर, पत्र्याखाली काम, दुपारचं जेवण चार वाजता. त्याच महिन्यात माझी खडूची रेघ हलायला लागली. कापडाचे थर एकावर एक लावून वर खडूनं मार्किंग करतो, मग मशीन चालवतो. वीस वर्षं माझी रेघ सुईसारखी सरळ. ती बाहीच्या गोलाईत हलली, आणि मी तेव्हा दारूचा थेंबसुद्धा घेतलेला नव्हता. हात थकवा सांगत होता, मी ऐकलं नाही. जूनअखेर सीझन संपला, हिशोब मिळाला, हातात एकरकमी पैसे आणि समोर रिकामा महिना. आखाड लागला. अक्कलकोट रोडला एका शेतात मटणाचा बेत होता. “का बे, अकरा महिने झाले की. देव झालास काय? एक मार, काय होत नाही.”

वहीत बघितलं तर मी शेतात प्यालोच नव्हतो. मी एप्रिलमध्ये प्यायला लागलो होतो. बाटली तेवढी जुलैत उघडली.

तुमच्या वहीत दुसरं काही निघेल. कुणाचं भांडण निघेल, कुणाचा मुलीच्या लग्नाचा खर्च, कुणाची रात्रपाळी. पण चार गोष्टी जवळपास सगळ्यांच्या वहीत सापडतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मी आता दुपारी एकला कात्री ठेवतो. शेठ काही म्हणो, एकला जेवतो.

६. आपल्या गावाचं वर्ष ओळखा

दारू आठवायचे दिवस ठरलेले असतात, ते अचानक येत नाहीत. कॅलेंडरवर आधीच खूण करा.

आखाड आणि गटारी सगळ्यात वाईट. त्या पंधरवड्यात शेतावरच्या, ढाब्यावरच्या कुठल्याच बेताला जाऊ नका, नुसतं जेवायलासुद्धा. मटण घरी करा, कडक भाकरी आणा, पोटभर खा. मग गणपतीची मिरवणूक. मंडळात असाल तर लेझीममध्ये नाचा, पण मिरवणूक संपल्यावर ‘थोडं बसू’ म्हणतील तेव्हा घरी निघा. थर्टी फर्स्ट. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. तेव्हा नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, सगळं गाव रस्त्यावर असतं. मी ती चुकवणार नाही, पण आता दिवसा जातो आणि पोरांना घेऊन जातो. पाळण्यात बसायचा हट्ट करणारं पोरगं हाताला असलं की कोपऱ्यावरचे जुने दोस्त फार आग्रह करत नाहीत. रंगपंचमीला मी दोन वर्षं गावातच थांबलो नाही, तुळजापूरला गेलो. उन्हाळ्यात ‘थंड बिअर’ हा एकच विषय असतो, तेव्हा ताक, लिंबू-पाणी आणि वेळेवर जेवण.

आणि हिशोबाचा दिवस. आठवड्याचा पगार असो की सीझनचा, ज्या रस्त्यावर जुनं दुकान आहे त्या रस्त्यानं घरी येऊ नका. पैसे हातात न घेता बायकोच्या खात्यावर टाकायला सांगा. फोनवरून पैसे देता येतात तिथंही दिवसाची मर्यादा कमी करून ठेवा.

७. तलफ आली की

ती लाटेसारखी चढते आणि उतरते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटं. पहिल्या वेळी वाटतं की पिल्याशिवाय ही जाणारच नाही. घड्याळ बघा, वेळ लिहा. काहीतरी खा, गोड चालेल. फोन करा. जागा सोडा. मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालतो, देवळापासून किल्ल्याच्या बागेपर्यंत आणि परत. दोन फेऱ्यांत उतरते.

तलफ कमी करणारी औषधं आहेत, नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यातली दोन. लिव्हर आणि किडनी बघूनच देतात, म्हणून मानसोपचार डॉक्टरांना विचारा, मेडिकलवरून स्वतः घेऊ नका.

८. या खड्ड्यांत पडू नका

न सांगता द्यायची गोळी. घरच्यांनो, हात जोडून सांगतो, चहातून, भाजीतून ‘दारू सोडवायची पावडर’ देऊ नका. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते. ती चालू असेल तर अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा विचारून घ्या.

मारहाण करणारं केंद्र. पहिल्या वेळी मला जिथं नेलं होतं तिथं रात्री पायाला साखळी असायची. नाव घेत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूचं व्यसनही येतं, आणि त्यात साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. दाखल करण्याआधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, डॉक्टर किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पिशवी उचलून परत या.

‘बिअर म्हणजे दारू नव्हे’, ‘शिंदी झाडाची असते’, ‘फक्त शनिवारी’. तिन्ही वाक्यं मी स्वतः बोललोय. शिंदीत गुंगीच्या रसायनाची भेसळ होते, ते वेगळंच.

झोपेच्या गोळ्या. पहिले काही आठवडे झोप येत नाही, ते सहन करावं लागतं. दवाखान्यातून दिलेला गोळ्यांचा कोर्स ठरलेल्या दिवशी संपवा. मी दोन जण पाहिले, दारू गेली आणि गोळ्या राहिल्या.

९. दिवस कुठून मोजायचे

यावर सभेत वाद होतात. काही जण म्हणतात पुन्हा शून्यापासून. मी नवी तारीख मोजतो, पण जुने अकरा महिने खोडत नाही. त्या अकरा महिन्यांत मी जे शिकलो, सभेत बोलायला, पगार घरी द्यायला, ते एका क्वार्टरनं पुसलं जात नाही. ‘सगळं गेलंच आहे तर आज पिऊन घेऊ, उद्यापासून नवं’ हा विचार येतो तो याच शून्यापायी, आणि माझे नऊ दिवस त्यातच गेले.

ए.ए.चा स्थापना दिवस 10 जून 1935 मानतात. दोन संस्थापकांपैकी एक, डॉक्टर बॉब, दारू सोडून काही दिवस झाल्यावर परगावी एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथं भरपूर प्याले. परत आल्यावर त्यांनी शेवटचा घोट घेतला तो हा दिवस. मला हे अण्णांनी सिव्हिलच्या वॉर्डात, कॉटवर बसून सांगितलं होतं.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आता दोन तारखांना खूण असते. जुनी मी करतो, नवी बायको करते, हिरव्या स्केचपेननं. पहिले तीन महिने दर आठवड्याला डॉक्टर आणि आठवड्यातून तीन सभा, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, ते त्याच कॅलेंडरावर लिहिलेलं आहे. सीझनमध्येही एक सभा चुकवायची नाही, हे शेठला मार्चच्या आधीच सांगून ठेवतो. माळ देवळीतून काढून पुन्हा गळ्यात घातली तेव्हा नव्या तारखेपासून सहा महिने झाले होते.